पट्टीखालचा रंग

अलीकडे वस्तूला वस्तु जोडण्याची जी रीति पडली आहे, तिच्याकडे आमच्या वाचकांचें लक्ष गेलें आहे कीं नाहीं, कोण जाणे. आमच्या लहानपणीं एक वस्तु दुसरीस जोडावयाची म्हणजे खिळा, स्क्रू, रिव्हेट, खांच किंवा दोरी यांपैकीं कशाचा तरी आश्रय करावा लागे. आणि ती सोडवावयाची झाल्यास ज्या वाटेनें जोड आंत गेला त्याच वाटेनें तो बाहेर येई. आतां डिंकाचें राज्य आलें आहे. चपलेचा तळ, टेबलाचा पृष्ठभाग, न्हाणीघरांतला आरसा, हातांतल्या टेलिफोनची कांच, ही सर्व मंडळी चिकटवलेली असतात. चिकटवणारा पांच मिनिटांत मोकळा होतो. सोडवणाऱ्याची पंचाईत मात्र पुढच्या पिढीसाठीं राखून ठेवलेली असते.

मोटारीच्या अंगावरचे दागिनेहि याच राज्यांत गेले आहेत. फियाट आणि अँबॅसडर यांच्या काळीं दारावरून जाणारी चकचकीत पट्टी पत्र्याला भोंकें पाडून आंतून क्लिपांनीं अडकवीत. त्या भोंकांतून पाणी जाई आणि चार पावसाळ्यांत भोंकाभोंवतालचा पत्रा कुजूं लागे, ही त्या पद्धतीची खोड होती. मुंबईत टॅक्सी म्हणून चालणारी शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. क्लिपांचा जमाना तिच्या किती तरी आधींच संपला होता. हल्लींच्या पट्ट्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात आणि त्यांच्या पाठीला दोन्ही बाजूंनीं चिकटणारी फोमची फीत असते. भोंक नाहीं म्हणून गंज नाहीं, असा हा हिशेब आहे. हिशेब खोटा नाहीं. परंतु पट्टीच्या वरच्या कडेवर धूळ सांचते, त्या धुळींत पाणी मुरतें, आणि खालच्या रंगाला आधींच चीर गेलेली असली तर गंजाला बिनभाड्याची खोली मिळते. आमच्या गाडीच्या डाव्या दारावर नेमकें हेंच झालें होतें.

आमच्या घरची मोटार मारुति ८०० या जातीची. या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजीं तेव्हांच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें गिऱ्हाइकास देण्यांत आली, आणि २०१४ च्या जानेवारींत ती बनवणें बंद झालें. मधल्या तीस वर्षांत किती शिक्षकांनीं, कारकुनांनीं आणि पेन्शनरांनीं हिच्या रूपानें आयुष्यांतली पहिली गाडी घेतली असेल! आमचे तीर्थरूप अण्णा त्यांपैकींच एक. १९९९ सालीं त्यांनीं ही गाडी घेतली तेव्हां त्यांना चौसष्टावें वर्ष लागलें होतें, आणि तोंवर सायकलीखेरीज दुसरें वाहन त्यांच्या मालकीचें झालें नव्हतें. पांढरा रंग घ्यावा, उन्हांत गाडी कमी तापते, असें आम्हीं आणि दादांनीं सुचवून पाहिलें. "पांढरी गाडी सरकारी दिसते," एवढें बोलून अण्णांनीं तांबड्या गाडीचे पैसे भरले. एक वर्ष उलटतें न उलटतें तोंच एका शनिवारीं ते गाडी घेऊन गेले आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर काळ्या पट्ट्या चिकटवून आले. "दुकानदार स्वस्तांत देत होता," असें कारण त्यांनीं सांगितलें. अण्णा स्वस्त म्हणून कोणतीहि वस्तु घेणारे गृहस्थ नव्हते. परंतु वडिलांच्या कारणांची उलटतपासणी करण्याची चाल आमच्या घरीं नसल्यामुळें तो विषय तेथेंच संपला. २०११ सालीं अण्णा गेले, आणि पट्ट्या राहिल्या.

आपल्याकडील कायद्याप्रमाणें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी परिवहन कार्यालयांत दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबानें आमच्या गाडीची पाळी २०१४ त, २०१९ त आणि पुन्हा २०२४ त आली. पूर्वीं या कामाला सहाशें रुपये शुल्क पडे. २०२२ च्या एप्रिलपासून तें पांच हजार झालें, आणि पर्यावरण कर निराळा. हे आंकडे ऐकून दादांनीं आपलें मत जाहीर केलें. गाडी भंगारांत द्यावी. घरांत पुतण्याची नवी मोटार आहे, ती सर्वांना पुरते. जुनीचा रंग विटून विटकरीसारखा झाला आहे. डाव्या दारावर पट्टीखालून गंजाचे तपकिरी ओघळ उतरले आहेत. अशी गाडी फाटकाशीं उभी असणें हें घराला शोभत नाहीं. मातोश्रींना हें मुळींच मान्य नव्हतें. वय वर्षें ८४. तरीहि देवळांत जावयाचें तर याच गाडींतून, कारण नव्या गाडीचें पाऊल उंच आहे आणि तिच्यांत चढतांना गुडघा बोलतो. आमचें मत मातोश्रींच्या बाजूचें होतें. वहिनी या वादांत एक अक्षर बोलल्या नाहींत. शेवटीं दादांनीं निर्वाणीचें सांगितलें, "महिनाभरांत ती बघण्यासारखी करून दाखव. नाहीं तर भंगारवाल्याला मी फोन करणार."

आम्हीं रंगाऱ्याला बोलावलें. त्यानें दाराभोंवतीं एक फेरी मारली, नखानें गंज खरवडून पाहिला, आणि पट्टी निघाल्याशिवाय हात लावणार नाहीं असें स्पष्ट सांगितलें. पट्टी तशीच ठेवून भोंवतीं रंग मारणारे लोक आहेत. त्याला तें पटत नव्हतें, आणि तें योग्यच होतें. पट्टीच्या कडेशीं रंगाची जी रेघ राहते ती सहा महिन्यांत सोलूं लागते, आणि पट्टीखालचा गंज नव्या रंगाखालीं आपलें काम निमूटपणें चालूं ठेवतो. "पट्टी काढतांना मोडली तर मात्र माझी जबाबदारी नाहीं," असें तो पुढें म्हणाला. तशा मापाच्या पट्ट्या आतां कोणत्याहि दुकानांत मिळत नाहींत. अण्णांनीं लावलेली वस्तु मोडूं नये म्हणून तें काम आम्हीं घरींच करावयाचें ठरवलें.

येथें थोडें विषयांतर करतों; तें वाचकांस आवडेल असें वाटतें. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंत दोन रंगांच्या मोटारींची टूम निघाली होती. एक रंग देतांना दुसरा भाग झांकावयास कागद डिंकानें चिकटवीत, आणि कागद काढूं लागलें म्हणजे खालचा नवा रंगहि त्याच्याबरोबर सोलून येई. मिनेसोटा प्रांतांतील सेंट पॉल शहरीं अशाच एका कारखान्यांत रिचर्ड ड्र्यू नांवाचा तरुण पॉलिश-पेपरचे नमुने घेऊन गेला होता. रंगाऱ्यांची शिवीगाळ त्यानें ऐकली आणि खटपट करून १९२५ सालीं घट्ट धरील पण मुकाट्यानें सुटेल अशी कागदी पट्टी तयार केली. रंगारी आज जिला मास्किंग टेप म्हणतात ती हीच. ड्र्यू ज्या थ्री-एम कंपनींत होता तिनेंच १९२१ मध्यें पाण्यांत भिजवून घांसावयाचा कागद, म्हणजे आपल्याकडील वॉटर पेपर, बाजारांत आणला. आणि १९८० सालीं ॲक्रिलिक फोमची ती जबरदस्त फीत आणली, जिच्या जोरावर पुढें पत्रे आणि कांचासुद्धां स्क्रूवांचून बसूं लागल्या. म्हणजे चिकटवण्याची वस्तु, सोडवल्यावर घांसण्याची वस्तु आणि रंगवतांना झांकण्याची वस्तु, तिन्ही एकाच घरच्या! आम्ही कोणाची जाहिरात करीत नाहीं; परंतु या योगायोगाची मौज वाटल्यावांचून राहिली नाहीं.

असो. चिकटलेली पट्टी सोडवावयाची तर ती कशानें चिकटते हें आधीं जाणलें पाहिजे. फोमचा डिंक हा धड घन नव्हे आणि धड पातळहि नव्हे. झटक्यानें ओढलें तर तो दगडासारखा अडतो. सावकाश, सतत ओढलें तर तो नमतो. थंडींत ताठ होतो, उष्णतेनें सैल पडतो. संक्रांतीच्या सुमारास ज्यांनीं तिळगुळाचा पाक हाताळला आहे त्यांना हा स्वभाव नव्यानें सांगावयास नको. दुसरी गोष्ट अशी कीं, सबंध पट्टी एकदम उपटूं म्हटलें तर फितीचा सगळा पृष्ठभाग मिळून विरोध करतो. पण एका कोंपऱ्यापासून सोलीत गेलें म्हणजे प्रत्येक क्षणीं फक्त एका रेघेशीं झगडावें लागतें. म्हणून उष्णता, सावकाशी आणि कोंपरा, हीं या कामाचीं खरीं हत्यारें. पेंचकस हें मुळींच नव्हे. पेंचकसाचें टोंक रंगांत रुततें, आणि पट्टी जेथें उचकटली तेथें तिला कायमचा बांक येतो.

डिसेंबरांतला रविवार होता. सकाळच्या गारठ्यांत हें काम करूं नये म्हणून ऊन दारावर येईपर्यंत थांबलों. गाडी साबणाच्या पाण्यानें धुतली. धुळीचा एक कण राहिला तरी तो पुढें रंगावर कानसासारखा फिरतो. पट्टीच्या वर आणि खालीं मास्किंग टेप लावून तिची जागा आंखून घेतली. पुतण्यानें केस वाळवण्याचें यंत्र आणलें. तें पट्टीपासून वीतभर अंतरावर धरून हळूहळू मागेंपुढें फिरवावयाचें. पट्टी इतकीच तापवावयाची कीं, तिच्यावर हात टेकवतां यावा पण फार वेळ ठेववूं नये. रंगकामवाल्यांकडे याहून प्रखर झोताचें यंत्र असतें, पण तें नवशिक्याच्या हातीं देऊं नये. त्यानें प्लॅस्टिक वितळतें आणि रंगाला फोड येतात.

कोंपरा सुटला, पण पुढें फोम कापावयाचा कशानें? पुतण्यानें पतंगाचा मांजा सुचवला. मांज्याला कांच लावलेली असते. त्यानें फोम कापला असता आणि रंगहि. इतक्यांत वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "भाऊजी, अळूचा उंडा आम्ही दोऱ्यानें कापतों. सुरीनें कापला तर दबतो." त्यांनींच मग दांतांच्या फटी साफ करण्याचा मेण लावलेला दोरा आणून दिला. त्याचीं दोन टोकें दोन हातांना गुंडाळून, पट्टीच्या मागें घालून, करवतीसारखा इकडून तिकडे ओढूं लागलों, आणि खरोखरच फोम उंड्यासारखा कापला जाऊं लागला. दोरा तुटे; नवा घ्यावा. पुतण्या पुढच्या वीतभर भागाला ऊब देई, आम्ही मागून दोरा ओढीत येऊं. उजवी पट्टी अर्ध्या तासांत हातीं आली. तिला एकहि बांक पडला नव्हता.

पट्टी निघाल्यावर जें दिसलें त्यानें सर्वजण क्षणभर थबकले. फोमचे अवशेष काढतांच त्यांच्या खालीं तांबडा रंग होता, परंतु तो आमच्या ओळखीचा तांबडा नव्हे! पंचवीस वर्षें ऊन ज्याला लागलें नाहीं असा तो मूळचा रंग, पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. आणि त्याच्या वर-खालीं विटलेली वीट. तांबडा रंग निळा आणि जांभळा प्रकाश शोषून घेतो, आणि त्या प्रकाशांतच जोर अधिक असतो. म्हणून त्या वेळचीं तांबडीं रंगद्रव्यें उन्हांत लवकर विटत. हें कारण आम्हांस माहीत होतें. तरीहि, गाडी शोरूमपुढें उभी आहे आणि अण्णा कोटाच्या खिशांतून पेन काढून कागदांवर सह्या करीत आहेत, असा भास झाला खरा. मातोश्री म्हणाल्या, "हाच तो रंग." एवढेंच.

अवशेष काढण्याचें काम चिकाटीचें आहे. प्रथम अंगठ्यानें चोळून फोमच्या गोळ्या कराव्या. बऱ्याच आपोआप निघतात. पुढें आमच्या भगिनीवर्गाचा अनुभव उपयोगी पडतो. स्टीलच्या नव्या ताटावरचें लेबल काढावयाचें तर ताट मागच्या बाजूनें गॅसवर जरा शेकतात, लेबल सोलतात, आणि राहिलेला चिकटा तेलाच्या बोटानें पुसतात. मोटारीलाहि तोच न्याय लागू आहे. तेलाऐवजीं आम्हीं कापडावर थोडें रॉकेल घेतलें आणि शेवटीं आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसून घेतलें, कारण तेलकटपणाचा अंश राहिला तर नवा रंग तेथें धरत नाहीं. थिनर मात्र कोणीं सांगितला तरी वापरूं नये. कारखान्यांतला रंग भट्टींत भाजलेला असतो, तो एखाद वेळ टिकेल. पण मध्यंतरीं कोणी हवेवर वाळणारा रंग मारला असला तर तो थिनरच्या एका हातानें विरघळून कापडावर येतो.

मग डावीकडे वळलों. येथें पट्टीची वरची कड गंजानें धरली होती. तापवणें आणि कापणें त्याच रीतीनें झालें, पण निम्म्याच्या पुढें पट्टी सुटतांना तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले. गंजाची ही खोडच आहे. लोखंडाचा गंज झाला कीं तो मूळच्या लोखंडाहून किती तरी अधिक जागा व्यापतो, आणि रंगाला खालून ढकलून उचलतो. पट्टी पूर्ण निघाली. तिच्या बरोबर मध्यरेघेवर, पत्र्यापर्यंत गेलेला, दोन वितींचा एक सरळ ओरखडा होता.

दादा चहाचा पेला घेऊन पायरीवर उभे होते. या गाडीविषयीं दादांचें एक वाक्य ठरलेलें आहे, आणि तें आमच्या गल्लींत सर्वांनीं ऐकलेलें आहे: घरच्या माणसाच्या हातून हिच्यावर एक ओरखडा पडलेला नाहीं. त्यांनीं वांकून पाहिलें आणि म्हणाले, "हा केव्हांचा?"

कोणी बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, "माझ्या हातचा आहे."

१९९९ त गाडी आली तेव्हां घरांत ती शिकावी असें एकट्या वहिनींच्या मनांत आलें होतें. दादांना तें पसंत नव्हतें. बायकांनीं चालवूं नये असें ते तोंडानें म्हणत नसत, पण शिकवणीचे पैसे अण्णांनीं दिले होते. वहिनींना परवाना मिळाला, आणि चार-सहा महिने त्या चालवीतहि होत्या. एक दिवस फाटकांतून बाहेर पडतांना लोखंडी अडसराचें टोंक दारावरून गेलें. संध्याकाळीं मामंजींना सांगूं, असें त्यांनीं ठरवलें. पण त्या संध्याकाळीं पाहुणे आले. दुसऱ्या दिवशीं सांगावयाचें, तों अण्णा सकाळींच गाडी घेऊन बाहेर पडले होते आणि दुपारीं पट्ट्या लावून परत आले. "त्यांनीं पाहिलं असणार, हें मला कळत होतं," वहिनी म्हणाल्या. "पण ते कांहींच बोलले नाहींत. मग मी तरी काय म्हणूं?"

दादांनीं विचारलें, "आणि तूं चालवणं सोडलंस तें यामुळें?"

"उन्हाचे डोळे दुखतात म्हणून मी सांगितलं होतं."

येथें ओसरीवरून मातोश्रींचा आवाज आला. "पाहायला कशाला हवं होतं त्यांना? मीच सांगितलं. मी गाडींत नव्हतें का?" वहिनी वळून पाहतच राहिल्या. आईंना आवाज ऐकूं आला नसेल, अशी इतकीं वर्षें त्यांची समजूत होती. मातोश्रींनीं अण्णांस त्याच रात्रीं सांगितलें होतें, आणि, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचें तर, "पोरीला तो बोलेल, कांहीं तरी करा," असेंहि म्हटलें होतें. 'तो' म्हणजे कोण, हें सांगण्याची गरज पडली नाहीं.

दादा बराच वेळ उघड्या पडलेल्या दाराकडे पाहत राहिले. मग उजव्या बाजूला जाऊन तेथल्या स्वच्छ तांबड्या पट्ट्याकडेहि पाहून आले. "एकीकडे लावून भागलं असतं," ते म्हणाले, "पण मग मला शंका आली असती." आणि पेला कठड्यावर ठेवून त्यांनीं आमच्या हातांतला वॉटर पेपर मागून घेतला.

अण्णांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य, यावर त्या रात्रीं आमच्यांत थोडी चर्चा झाली. आमची सौ. म्हणाली कीं, असा सासरा मिळावयास भाग्य लागतें. त्याबद्दल वाद नाहीं. तथापि आमचें मत थोडें निराळें आहे, आणि तें येथें नोंदवून ठेवतों. सुनेला बोलणें बसूं नये म्हणून दोन पट्ट्यांचा खर्च करणारा मनुष्य मनानें मोठा, यांत संशय नाहीं. परंतु त्यांनीं तिला एकांतांत एवढेंच म्हटलें असतें कीं, मला ठाऊक आहे, तूं उद्यां पुन्हा गाडी काढ, तर ती चोवीस वर्षें मागच्या बाकावर बसली नसती. जुन्या पिढीच्या पुरुषांना न बोलतां करणें साधे. बोलून करणें त्यांना जड जाई. तीर्थरूपांविषयीं असें लिहितांना संकोच वाटतो, पण वहिनींविषयीं न लिहिलें तर अधिक वाटेल.

पुढच्या कामांत दादाच पुढारी झाले. गंज पत्रा चकचकीत दिसेपर्यंत काढला पाहिजे. आधीं जाड कागद, पाण्यासह. मग खांचेंत राहिलेल्या तपकिरी रेघेवर फॉस्फोरिक ॲसिडाचें गंजनाशक. तें धुऊन, वाळवून लगेच प्रायमर, कारण उघडा पत्रा दमट हवेंत एका रात्रींत पुन्हा गंज धरतो. प्रायमर वाळल्यावर ओरखड्याच्या खोलींत लांबी भरली. लांबी जितकी थोडी तितकी चांगली. जाड थर भेगाळतो. पुन्हा सहाशें नंबरचा कागद, मग हजारचा. कारखान्यांतल्या सगळ्या थरांची जाडी मिळून एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा असते, म्हणून बोटाला कड लागूं नये इतकें घांसणें आणि त्यापलीकडे न घांसणें, यांत सगळें कौशल्य आहे. नखानें कड पाहूं नये, बोटाच्या मऊ भागानें पाहावी. ही रंगाऱ्याची शिकवण. तो येऊन पाहून गेला, आणि त्यानें दादांची पाठ थोपटली.

खरी पंचाईत रंगाची होती. रंगाच्या दुकानांत गाडीचा रंगांक दिला म्हणजे यंत्रावर मिसळून देतात. आणि तें मिश्रण १९९९ च्या डाळिंबी तांबड्याचें होतें. तो रंग पट्टीखालच्या जागेशीं तंतोतंत जुळे, आणि बाकीच्या दाराशीं मुळींच जुळेना. उलट, दाराच्या सांप्रतच्या विटक्या रंगाशीं जुळवून घ्यावा तर रंगारी तेंहि करून देईल. मग झांकलेला जो एकच भाग आपला मूळ रंग राखून होता, त्यालाच विटवून बाकीच्यांच्या पंक्तीस बसवावयाचें. पुतण्या म्हणाला, सबंध गाडीच रंगवूं. त्याचा खर्च ऐकून दादांचा जुना दादा परत आला. अखेर रंगाऱ्यानें एक प्रयोग करून दाखवला. दाराच्या एका कोंपऱ्यावर रबिंग कंपाउंड घेऊन त्यानें पांच मिनिटें चोळलें. कापड तांबडें झालें, आणि खालून निम्मा तरी मूळचा रंग वर आला. कापडावर रंग उतरला म्हणजे वर पारदर्शक थर नाहीं; जो विटला आहे तो रंगाचा वरचा मेलेला पापुद्रा; तो गेला कीं खाली जिवंत रंग आहे. ज्या गाडीवर पारदर्शक थर असतो तिला ही युक्ति चालत नाहीं, आणि आमच्या गाडीलाहि ती पुन्हा पुन्हा चालणार नाहीं, कारण प्रत्येक वेळीं थर पातळ होतो. पण एकवार चालली. तीन रविवार सगळें घर कापडें घेऊन गाडीला चोळीत होतें.

ओरखड्यावर मूळचाच रंग लागला; चार पातळ हात, प्रत्येकामध्यें वाळण्यास वेळ देऊन. जाणत्या डोळ्याला तिरप्या उन्हांत ती जागा अजून सांपडते.

पट्ट्या पुन्हा लावावयाच्या कीं नाहीं यावर दुमत झालें. हवेवर वाळलेला रंग आंतून पुरा कडक होण्यास काहीं आठवडे जातात. त्याआधीं त्यावर फीत दाबली तर पुढें ती रंग घेऊनच निघते. शिवाय फीत लावल्यावरहि तिचा पुरा जोर येण्यास तीन दिवस लागतात, तोंवर गाडी धुतां येत नाहीं. परिवहन कार्यालयाची तारीख त्याआधींची असल्यामुळें त्या वेळीं प्रश्नच उद्भवला नाहीं. मातोश्रींनीं पट्ट्या जुन्या धोतरांत गुंडाळून माळ्यावर ठेवावयास लावल्या. वहिनींस विचारलें तर त्या म्हणाल्या, "राहूं द्या तिथेंच."

नेमल्या दिवशीं कार्यालयाच्या पटांगणांत वीसएक गाड्या उभ्या होत्या. आमच्या गाडीला न्यावयास दादा निघाले तेव्हां त्यांनीं किल्ली वहिनींपुढें धरली. परवान्याची मुदत कधींच उलटून गेली आहे, असें त्यांनीं दादांच्या ध्यानांत आणून दिलें. तेव्हां दादांनीं किल्ली खिशांत ठेवली आणि त्याच कार्यालयांतून त्यासाठीं लागणारे कागद कोणते, हें विचारून येतों म्हणाले. वहिनी बरोबर गेल्या. निरीक्षकानें चेसिसचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीनें उठवून घेतला, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, धुराचें प्रमाणपत्र तपासलें, नोंदणीपुस्तकांतला रंग वाचून 'तांबडा' म्हटलें, आणि पुढच्या गाडीकडे गेला. दाराकडे त्यानें पाहिलेंहि नाहीं. दादांना याचा फार राग आला.